मुदतीचं शहर

हाँगकाँगच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. खिडकीतली बाई पासपोर्ट यंत्रावर ठेवते, एकदा आपल्या तोंडाकडे बघते आणि पानांमध्ये एक छोटी पांढरी चिठ्ठी सरकवून तो परत देते. चिठ्ठीवर आपलं नाव, पासपोर्टचा नंबर आणि कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ती तारीख. २०१३ सालापासून ही रीत आहे. भारतीय पासपोर्टला इथे व्हिसा लागत नाही. पण जानेवारी २०१७ पासून निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मंजूर झाली की एका खेपेला १४ दिवस राहायची मुभा.

मला १४ दिवस नको होते. मुंबईहून टोकियोला जाताना मध्ये ३६ तास हाँगकाँगला थांबायचं तिकीट थेट विमानापेक्षा बरंच स्वस्त पडत होतं, म्हणून घेतलं होतं. सह्याद्रीत वापरून वापरून रंग उडालेली सॅक पाठीवर होती. वजन आठ किलो, त्यातलं अर्धा किलो दशम्या आणि चटणीचं. शनिवारी सकाळी उतरले, रविवारी रात्री निघायचं होतं.

"किती दिवस?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.

"दीड," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं नाही. चिठ्ठीवर मात्र पूर्ण १४ दिवस छापून आले.

विमानतळावरून शहरात यायला झकपक एक्स्प्रेस गाडी आहे. ती २४ मिनिटांत मुख्य बेटावर नेते. तिच्या भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ए-२१ नंबरची डबलडेकर बस थेट कौलूनच्या नेथन रोडला सोडते. वेळ जास्त लागतो, पण वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली तर ती उशीर मानायचीच गरज नाही. डोंगर, समुद्र, झुलते पूल, आणि मग काडेपेटीतून अर्ध्या बाहेर ओढलेल्या काड्यांसारख्या उभ्या इमारती. विमानतळ ज्या जमिनीवर आहे ती जमीनही डोंगर फोडून आणि समुद्रात भराव घालून तयार केलेली. १९९८ साली तो इथे आला. त्याआधीच्या काई ताक विमानतळावर उतरताना विमानं लोकांच्या गच्च्यांवरून जात.

चुंगकिंग

चुंगकिंग मॅन्शन्स हे नाव ऐकून महालाची अपेक्षा ठेवू नये. नेथन रोडवरची ही १७ मजली इमारत १९६१ सालची. तळमजल्यावर अख्खा बाजार आणि त्यावर ए ते ई असे पाच ब्लॉक. मालक शेकड्यांनी, त्यामुळे दुरुस्ती कुणाचीच नाही. एकेका मजल्यावर लहान लहान गेस्ट हाऊस. जगातल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी एकात, मेट्रोच्या तोंडाशी, परवडणाऱ्या पैशांत पाठ टेकायला जागा देणारी ही इमारत पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना पाठ आहे. वाँग कार-वायच्या १९९४ सालच्या 'चुंगकिंग एक्स्प्रेस'नं ती सिनेमावाल्यांनाही ठाऊक करून दिली.

आत पाऊल टाकलं की आधी नाकाला कळतं. तळलेले समोसे, अत्तर, नव्या मोबाइलच्या खोक्यांचा पुठ्ठा. चलन बदलून देणारे गाळे ओळीनं. दाराजवळच्यांचा भाव वाईट, आतल्यांचा बरा, हे दोन गाळे ओलांडल्यावर समजतं. इथले लोक मराठी सोडून सगळ्या भाषा बोलतात, असं वाटेपर्यंत एका मोबाइलवाल्यानं "काय पाहिजे ताई?" म्हणून दचकवलं. तो मूळचा उत्तर प्रदेशातला, सहा वर्षं मुंब्र्याला दुकानात होता.

चुंगकिंगवर मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांचं २०११ साली आलेलं पुस्तक आहे. ते वर्षानुवर्षं इथे येऊन राहिले, गेस्ट हाऊसच्या वह्या चाळल्या, आणि त्यांना शंभराहून जास्त देशांचे लोक सापडले. घाना, नायजेरिया, पाकिस्तान, भारत, नेपाळ. मोठ्या कंपन्यांचं जागतिकीकरण जहाजांच्या कंटेनरांतून चालतं. इथलं चालतं सुटकेसमधून. केनियाचा एखादा व्यापारी येतो, चारशे-पाचशे फोन घेतो, दोन बॅगा भरतो आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत परत जातो.

प्रत्येक ब्लॉकला दोनच लिफ्ट. एक सम मजल्यांवर थांबते, दुसरी विषम. रांगेत माझ्यापुढे तांदळाची पोती घेतलेला नेपाळी मुलगा, दोन आफ्रिकन व्यापारी आणि हातगाडीवर धुतलेल्या चादरींचा ढीग घेतलेली बाई. घंटा वाजली की शेवटी चढलेल्यानं मुकाट उतरायचं, हा इथला कायदा. पहिल्या खेपेला तो मला लागू झाला.

गेस्ट हाऊस सांभाळणाऱ्या चाचांनी वही उघडली. "कितने दिन?"

"एक रात."

"सब यही बोलते हैं," ते म्हणाले आणि किल्ली दिली. ते स्वतः दोन वर्षांसाठी आले होते. त्याला २३ वर्षं झाली.

खोलीच्या जाहिरातीत 'खिडकी' होती, आणि खिडकी होतीही. ती उघडत होती इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत, जिथे एसीचं पाणी टपटपत होतं. बिछान्यावर बसून हात लांब केला की समोरची भिंत. न्हाणीघरात कमोडवर बसूनच अंघोळ करायची सोय. एका रात्रीपुरती गंमत वाटते. पण या शहरात दोन लाखांहून जास्त माणसं अशाच, तुकडे पाडलेल्या घरांत संसार करतात, हे आठवलं की गंमत ओसरते.

मोदी रोड

चुंगकिंगच्या बाजूला, दोन-चार इमारती सोडून, एक रस्ता नेथन रोडला येऊन मिळतो. पाटीवर चिनीच्या खाली इंग्रजीत नाव: मोदी रोड. आपल्याकडचं कुणीही पहिल्यांदा पाहतं तेव्हा थबकतं, हसतं, फोटो काढतं. हे मोदी म्हणजे सर होरमसजी नौरोजी मोदी. मुंबईचे पारशी. १८६० च्या सुमारास, वयाच्या विशीत हाँगकाँगला आले. सुरुवात अफूच्या व्यापारात, पुढे जमिनी आणि शेअर. १९१० साली हाँगकाँग विद्यापीठाची कोनशिला बसली, ती मोदींनी देऊ केलेल्या दीड लाख डॉलरांच्या जोरावर. पुढच्याच वर्षी ते गेले. विद्यापीठाचं दार उघडलेलं त्यांनी पाहिलं नाही.

अफू हा शब्द इथे टाळून पुढे जाता येत नाही. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जायची. चीननं ती अडवली म्हणून इंग्रजांनी लढाई केली, आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग बेट पदरात पाडून घेतलं. या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय होते. १८०५ साली चीनच्या वाटेवर फ्रेंचांनी पकडलेल्या जहाजावर त्यांची विल्यम जार्डिन या जहाजावरच्या डॉक्टराशी ओळख झाली, आणि तो जार्डिन पुढे हाँगकाँगच्या सगळ्यात बलाढ्य व्यापारी पेढीच्या संस्थापकांपैकी एक झाला. ससून घराणंही त्यातच होतं. हाँगकाँगच्या प्रसिद्ध बँकेच्या संस्थापक समितीत पारशी व्यापाऱ्यांसोबत एक ससूनही बसला होता.

म्हणजे मुंबईच्या जेजे रुग्णालयात केसपेपर काढताना, जेजे कला महाविद्यालयाच्या झाडांखाली चित्र काढताना, ससून डॉकला पहाटे मासळी उतरवताना, पुण्याच्या ससूनमध्ये नातेवाइकासाठी बाकावर रात्र काढताना आपण ज्या दानशूर नावांच्या सावलीत असतो, त्यांच्या पैशाचा एक मोठा झरा या बंदरातून वाहत आला आहे. माझ्या आजोबांचं ऑपरेशन ससूनला झालं होतं. मोदी रोडच्या पाटीखाली उभं राहून मला ते आठवलं, आणि फोटो काढताना आलेलं हसू थोडं आवरलं.

बोट वळत नाही

नेथन रोड दक्षिणेला संपतो तिथे समुद्र, आणि समुद्रावर स्टार फेरी. हिरव्या-पांढऱ्या, गुबगुबीत, दोन मजली बोटी. कौलूनहून पलीकडच्या बेटावर जायला दहा मिनिटं आणि भाडं पाच डॉलरच्या घरात. हाँगकाँगचा डॉलर साधारण अकरा रुपयांना पडतो, तेव्हा पन्नास-पंचावन्न रुपये. गेटवेहून घारापुरीच्या लाँचला याच्या कितीतरी पट द्यावे लागतात.

ही फेरीही मुंबईच्याच माणसानं सुरू केलेली. दोराबजी नौरोजी मिठाईवाला १८५२ साली चीनला जाणाऱ्या जहाजात लपून आले, असं सांगतात. स्वयंपाकी, मग बेकरीवाला, मग हॉटेलवाला अशा पायऱ्या चढत त्यांनी वाफेची बोट घेतली. १८८८ पासून बोटी नियमित ये-जा करू लागल्या. १८९८ साली त्यांनी धंदा विकला आणि कंपनीला 'स्टार' हे नाव मिळालं. बोटींची नावं मात्र आधीपासून ताऱ्यांची आणि अजूनही ताऱ्यांचीच: मॉर्निंग स्टार, मेरिडियन स्टार, सोलर स्टार.

मी खालच्या मजल्यावर बसले. वरच्यापेक्षा भाडं कमी, इंजिनाची धग जास्त. लाकडी बाकांना ताऱ्याच्या आकारात भोकं पाडलेली. बाकाची पाठ सरकती आहे. ती ढकलून पलीकडे टाकली की मागचं पुढे होतं. बोटीला दोन्ही टोकांना सारखाच चेहरा आहे, त्यामुळे ती धक्क्याला लागते आणि न वळता तशीच उलटी निघते. वळायचं काम प्रवाशांचं. शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीनं मोबाइलवरची नजर न काढता एका हातानं बाक खट्कन फिरवला. निळ्या खलाशी वेशातल्या म्हाताऱ्यानं पलीकडून फेकलेला दोर आकडीच्या काठीनं झेलला, खुंटाला दोन वेढे दिले, आणि फळी धाडकन खाली पडली. यंत्रांच्या या शहरात तो दोर अजून हातानं पकडतात.

या भाड्याशी जोडलेला एक किस्सा आहे. १९६६ साली वरच्या वर्गाचं भाडं पाच सेंटनं वाढवायचं ठरलं, तेव्हा सो साऊ-चुंग नावाचा तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला. त्याला अटक झाली आणि त्यातून कौलूनमध्ये दंगल पेटली. त्यानंतर सरकारनं या शहरातल्या तरुणांच्या रागाकडे नीट पाहायला सुरुवात केली, असं इतिहासकार मानतात.

बेटाकडचा जुना धक्का २००६ साली पाडला. भराव पडत पडत किनारा पुढे सरकला, बंदर अरुंद झालं, प्रवासाची मिनिटं कमी झाली. पारशीबाबाच्या काळात मध्ये आज आहे त्याहून खूप जास्त पाणी होतं.

नव्याण्णव आणि पन्नास

संध्याकाळी पीकवर गेले. व्हिक्टोरिया पीक ५५२ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. वर जायला १८८८ सालीच सुरू झालेली दोरावरची ट्राम आहे, पण तिची रांग पाहून मी बेटावरच्या सेंट्रलहून १५ नंबरची बस धरली. एके काळी या ट्रामची पुढची जागा गव्हर्नरसाठी राखीव असे. गाडी सुटायला दोन मिनिटं उरेपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही. १९०४ साली तर कायदाच झाला की पीकवर चिनी माणसानं राहायचं नाही. अपवाद घरातल्या नोकरांचा. हा कायदा १९४६ पर्यंत होता.

वरून बंदर दिसतं ते पोस्टकार्डावर असतं तसंच. रात्री आठला इमारतींवर दिव्यांचा खेळ चालतो. पलीकडे कौलून, त्यामागे डोंगर, आणि डोंगरापलीकडे न्यू टेरिटरीज. ती इंग्रजांनी १८९८ साली चीनकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली. बेट आणि कौलूनचं टोक कायमचं मिळालेलं, पण शहराचं पाणी, जमीन, वस्ती यांचा मोठा हिस्सा भाड्याच्या भागात. भाडेपट्टा १९९७ ला संपत आला तेव्हा सगळंच परत द्यायचं ठरलं. १९८४ च्या करारात चीननं शब्द दिला: ५० वर्षं इथली रीत बदलणार नाही. म्हणजे २०४७. एक मुदत संपते तोच दुसरी सुरू. २०१९ ची आंदोलनं, २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, आणि त्यानंतर एकट्या ब्रिटनला गेलेले लाखाहून जास्त लोक. अनेकांनी २०४७ ची वाट पाहिली नाही.

खाली येऊन एका चा-चान-टेंगमध्ये शिरले. आपल्या इराण्याचा हा चिनी चुलतभाऊ: संगमरवरी वाटणारं फॉर्मायका, घाईतले वेटर, ओळख नसलेल्याच्या टेबलावर बसायची रीत. मांस नको हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. 'चाय' हा उच्चार नेमका लागला तर चिनीत त्याचा अर्थ शाकाहारी होतो, हे चाचांनी सकाळी सांगितलं होतं. माझा लागला नाही. चहाच मिळाला.

पण काय चहा! गल्ल्यामागे एक आजोबा गुडघ्याएवढ्या लांब कापडी पिशवीतून काळाभोर सिलोन चहा एका किटलीतून दुसऱ्या किटलीत ओतत होते, पुन्हा पुन्हा. वर्षानुवर्षांच्या चहानं कापडाला तपकिरी मोज्यासारखा रंग आला होता. म्हणूनच याला लोक 'रेशमी मोज्याचा चहा' म्हणतात. मग आटवलेलं डब्याचं दूध. घोट तोंडात जाड लागतो. सोबत 'अननस पाव', ज्यात अननस औषधालाही नसतो. नाव पडलं ते वरच्या भेगाळलेल्या गोड सालीवरून. समोर बसलेल्या आजींनी माझ्या सॅककडे बोट दाखवून एक बोट वर केलं, मग दोन, मग भुवया उंचावल्या. किती दिवस? मी एक आणि अर्धं दाखवलं. त्या खो खो हसल्या.

चौदा दिवस

रविवारी सकाळी 'डिंग डिंग'नं हॅपी व्हॅलीला गेले. दोन मजली, चिंचोळ्या ट्राम १९०४ पासूनच्या. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासमोर एकाला लागून एक कबरस्तानं आहेत: मुसलमान, कॅथलिक, इंग्रज, आणि १८५२ पासून पारशी. दखमा, म्हणजे मृतदेह ठेवायचा मनोरा, बांधायची सोय नसलेल्या या डोंगराळ बेटावर पारशांनी आपली माणसं जमिनीत ठेवली. आत जायला परवानगी लागते. मी फाटकातूनच पाहिलं. नीट कापलेली झुडपं, पांढऱ्या दगडी कबरी. या शहरात कायमची जागा मिळवायची त्यांची ही एकच वाट. रस्त्याच्या पलीकडे दर आठवड्याला घोडे धावतात आणि लोक नशीब अजमावतात.

परतताना सेंट्रलला उतरले आणि क्षणभर वाटलं, कसली तरी जत्रा आहे. रविवारी चेटर रोडवर गाड्यांना बंदी असते. कोलकात्यात जन्मलेल्या आर्मेनियन पॉल चेटर यांच्या नावाचा हा रस्ता. मोदी रोडवाल्या मोदींचे हे भागीदार. रस्त्यावर, पुलांवर, वास्तुकार नॉर्मन फॉस्टरनं आखलेल्या त्याच प्रसिद्ध बँकेच्या उघड्या तळमजल्यावर हजारो बायका बसलेल्या. खाली पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्याच कमरेएवढ्या भिंती, बाहेर ओळीनं काढून ठेवलेल्या चपला. आत पत्ते, गाणी, भात आणि मासे, नखांना रंग, गावाला पाठवायचे खोके बांधणं. मुंबईच्या कुठल्याही घरात शोभेल असं एक वाक्य त्यांच्याबद्दल इथे सर्रास ऐकू येतं: "आमच्याकडची."

या शहरात तीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. किमान पगार महिना सुमारे पाच हजार डॉलर. मालकाच्याच घरी राहणं सक्तीचं. सुट्टी आठवड्यातून एक, आणि त्या दिवशी घरात थांबावं अशी जागा घरात नसते. म्हणून हे पुठ्ठे.

मी नकाशा उलटासुलटा करत उभी होते. एका पुठ्ठ्यावरच्या बाईनं सरकून जागा केली. "बसा, ताई. सॅक खाली ठेवा, पाठ मोडेल." त्यांच्या भाषेत 'आते' म्हणजे मोठी बहीण, इंग्रजी बोलताना मध्येच तो शब्द यायचा आणि माझ्या कानाला तो 'ताई'च लागायचा. ती फिलिपिन्सच्या इलोकोसची. १८ वर्षं इथे. दोन मुलगे फोनवर मोठे झाले. तिनं केळीच्या पानातला भात पुढे केला, मी दशमी आणि चटणी. चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागितली.

"किती दिवस?" तिनं विचारलं. मी खिशातली चिठ्ठी दाखवली. तिनं तारीख वाचली आणि हसली. "१४! मलाही तेवढेच."

मला कळलं नाही. मग तिनं समजावलं. नोकरी सुटली किंवा मालकानं काढलं, तर सरकारी नियमानुसार १४ दिवसांच्या आत हाँगकाँग सोडायचं. १९८७ पासूनचा हा नियम. १८ वर्षं राहिलात, तरी १४ दिवस. इतर परदेशी सात वर्षं राहिले की कायम रहिवासाचा हक्क मागू शकतात. घरकामगारांना तो नाही. १९८६ पासून इथे काम करणाऱ्या इव्हँजेलिन वालेहोस यांनी तो कोर्टात मागितला; मार्च २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं नाकारला. घरकामगाराचं राहणं हे 'सामान्य रहिवास' धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

"मालकीण बरी आहे का?" मी विचारलं.

"तिची आई बरी आहे. ९१ वर्षांची. मी तिच्यासाठी आहे." पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ९१ वर्षांच्या बाईची मुदत आणि तिची मुदत एकच होती.

पाच वाजता पुठ्ठ्यांच्या घड्या होऊ लागल्या. एका तासात रस्ता असा साफ झाला, की सकाळपासून इथे कुणी बसलं होतं हे सांगून पटलं नसतं. तिनं माझी सॅक उचलून पाठीवर चढवायला मदत केली, पट्टे ओढून घट्ट केले. रोज कुणाला तरी तयार करून देणाऱ्या हातांची सफाई त्यात होती.

शेवटचं एकदा फेरीनं कौलूनला आले, चाचांकडे किल्ली दिली, ए-२१ पकडली. विमानतळावर कालची नव्हे, दुसरी बाई. पासपोर्ट यंत्रावर, तोंडाकडे एक नजर, परत. जातानाही शिक्का नाही. पान कोरंच. मी हाँगकाँगला गेले होते याला पुरावा एवढाच: खिशातली ती चिठ्ठी आणि दशमीच्या डब्यात उरलेला केळीच्या पानाचा तुकडा.

विमानाला वेळ होता. चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. दीड दिवस वापरला, साडेबारा शिल्लक. त्यावर माझं नाव छापलेलं होतं, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला देण्यासारखे नव्हते.